ट्रंकेतलं पदक कोणाचं? कोकणातल्या घरी सापडलेल्या लष्करी वस्तूवरून तिच्या मालकापर्यंत पोचण्याची वाट

कोकणातल्या जुन्या घरात लष्करी वस्तू निघाली की दोन गोष्टी लगेच होतात. एकजण ती राख-चिंच लावून घासायला घेतो आणि दुसरा मोबाइलवर तिची किंमत शोधायला लागतो. दोघांनाही थांबवा. पदक, बिल्ला, पितळी बटण किंवा पेन्शनचं पिवळं पडलेलं पुस्तक, जे काही हाती आलं असेल त्यामागे तुमच्या घरातला एक माणूस आहे. तो शोधायचा तर वस्तू जशी सापडली तशीच राहायला हवी.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड या पट्ट्यातून दीड-दोनशे वर्षं माणसं पलटणीत गेली. जमीन तुकड्या-तुकड्यांची, भात चार महिन्यांचं, म्हणून घरातला एक मुंबईच्या गिरणीत, एक बोटीवर आणि एक पलटणीत ही वाटणी ठरलेली. त्यामुळे खेड, चिपळूण, संगमेश्वर, मंडणगड, महाड, पोलादपूर या भागांत अशी वस्तू सापडणं नवलाचं नाही. ती कोणाची, तो कुठे गेला आणि परत आला का, हे सांगणारं मात्र घरात कोणी उरलेलं नसतं.

वस्तूला हात लावण्याआधी

ज्या ट्रंकेत किंवा फडताळात वस्तू सापडली तिथला आधी फोटो काढा. तिच्याबरोबर आणखी काय होतं ते लिहून ठेवा: कुठली चिंधी, कसली पावती, कोणाचा फोटो. पदक फडक्यात बांधलेलं असेल तर ते फडकंही टाकू नका, कारण पुष्कळदा ती मूळची फीतच असते, रंग उडालेली.

मग दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो घ्या. कडेसाठी एक युक्ती सांगतो. खोलीत अंधार करा, पदक टेबलावर उभं धरा आणि टॉर्चचा उजेड बाजूने, अगदी आडवा पाडा. समोरून पाहताना गुळगुळीत वाटणाऱ्या कडेवर आडव्या उजेडात अक्षरांच्या सावल्या उमटतात. थोडं थोडं फिरवत पूर्ण गोलाचे फोटो घ्या आणि मग मोठे करून एकेक अक्षर कागदावर उतरवा. नीट दिसत नाही त्या अक्षराच्या जागी टिंब द्या. अंदाजाने अक्षर भरलंत तर पुढचा सगळा शोध चुकीच्या माणसामागे जाईल.

कागदाआधी म्हाताऱ्यांकडे जा

कागद आणखी दहा वर्षांनीही मिळतील. तुमची नव्वदीतली आत्या मिळेल याची खात्री नाही. म्हणून पहिली फेरी घरातल्या आणि भावकीतल्या वडीलधाऱ्यांकडे. "आजोबा कुठल्या रेजिमेंटमध्ये होते?" असं विचारलंत तर उत्तर येणार नाही. त्यांच्या भाषेत विचारा. "ते बसऱ्याला गेले होते का?" विचारा. पहिल्या महायुद्धातली इराकची सगळी मोहीम कोकणातल्या घरांत 'बसरा' एवढ्या एका नावाने ओळखली जाते. "जर्मनच्या लढाईतले की दुसऱ्या लढाईतले?", "मनीऑर्डर कोणाच्या नावाने यायची?", "पेन्शन आणायला कुठे जायचे?", "घरी आले तेव्हा अंगावर कसली जखम होती?" असं विचारा. कोणी 'जंगी पलटण' म्हणालं तर ती मराठ्यांची पहिली पलटण, जुन्या क्रमांकाने १०३. 'काळी पाचवी' म्हणालं तर दुसरी, जुन्या क्रमांकाने १०५. या एका शब्दाने तुमचं निम्मं काम होतं.

परवानगी घेऊन बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहा, सुधारू नका. "कैसर स्वतः भेटला होता" असं कोणी सांगितलं तर तेही लिहा, फक्त शेजारी 'ऐकलेलं' असा शेरा मारा.

हातात आहे ते नेमकं काय

कोकणात सर्वांत जास्त आढळतं ते पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल. गोल, सुमारे ३६ मिलिमीटर व्यासाचं. एका बाजूला पंचम जॉर्जचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला उघड्या अंगाचा घोडेस्वार आणि १९१४ व १९१८ ही सालं. फीत मध्ये नारिंगी आणि दोन्ही कडांना पांढरे, काळे, निळे पट्टे. लढणाऱ्या शिपायाला हे चांदीचं मिळे. हेच पदक काशाचं, तपकिरी असेल तर ते हलकं समजू नका. ते लष्कराबरोबर गेलेल्या मजूर तुकड्या, खेचरवाले, भिस्ती अशा लोकांना दिलेलं आहे, आणि तेही त्याच रणांगणात होते. चांदीच्या पदकाच्या जोडीला बहुधा पंखांची विजयदेवी असलेलं, इंद्रधनुषी फितीचं व्हिक्टरी मेडल असतं. १९१५ अखेरीपर्यंत रणांगणावर पोचलेल्यांना १९१४-१५ स्टार हा काशाचा ताराही मिळाला. सैनिकाचं नाव या ताऱ्याच्या कडेवर नसतं, पाठीवर असतं.

बशीपेक्षा थोडी लहान, सुमारे १२ सेंटिमीटरची जड काशाची थाळी असेल, तिच्यावर ब्रिटानिया आणि सिंह आणि चौकटीत एक नाव असेल, तर तो माणूस परत आला नव्हता. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या वारसांना ही दिली जाई. तिच्यावर मुद्दाम हुद्दा घातलेला नाही. सुभेदार असो की शिपाई, फक्त नाव. अशी थाळी घरात कुणी पाटाखाली टेकू म्हणून वापरत असेल तर आजच ती उचला.

दुसऱ्या महायुद्धाचे तारे सहा टोकांचे असतात आणि नाव त्या त्या मोर्च्याचं: आफ्रिका, इटली, बर्मा. लाल-पांढरी-हिरवी फीत इटलीची. ब्रिटिश सैनिकांचे हे तारे बिननावाचे दिले गेले, पण भारतीयांच्या ताऱ्यांवर पाठीमागे नाव ठोकलेलं असू शकतं, म्हणून पाठ जरूर तपासा.

कड कशी वाचायची

पदकाच्या कडेवर साधारण याच क्रमाने मजकूर असतो: सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव, तुकडी. सगळी अक्षरं इंग्रजी आणि मोठी.

नंबर हा सर्वांत भरवशाचा. नाव कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं, नंबर मात्र तुकडीच्या वहीतून उतरवला. पण हा नंबर साऱ्या सैन्याचा नव्हता. प्रत्येक तुकडीचे नंबर वेगळे चालत, त्यामुळे नंबर आणि तुकडी ही जोडी कधी तोडू नका.

हुद्द्यांत सिपॉय, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार हे लगेच कळतात. 'ड्राबी' वाचून अडखळू नका, तो खेचरांची गाडी हाकणारा. जमादार आणि सुभेदार हे व्हाइसरॉयची सनद घेतलेले देशी अधिकारी. त्यांची नावं कागदात शिपायापेक्षा खूप लवकर सापडतात.

नावाच्या बाबतीत कान इंग्रज कारकुनाचा करा. सावंतचं 'सावूंट', कदमचं 'कुडुम', चव्हाणचं 'चवान' होतं. आडनाव नसेल तर वडलांचं नाव आडनावासारखं लावलेलं असतं, किंवा नुसतं एकच नाव असतं. संपूर्ण रायगड ज्यांचं नाव अभिमानाने घेतं ते, दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्यपदक मिळालेले यशवंत घाडगे यांच्या नावाची इंग्रजी वर्तनीदेखील उच्चारापेक्षा वेगळी आहे. म्हणून शोधताना एका वर्तनीवर थांबू नका. चार-पाच वर्तन्या लिहून काढा आणि एकेक घालून बघा.

तुकडी हा सर्वांत बोलका भाग. मराठ्यांच्या जुन्या पलटणी म्हणजे १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. पदक १९०३ च्या आधीचं असेल तर आकडा शंभराने लहान दिसेल: ३, ५, १०, १४, १६, १७ बॉम्बे. सरसेनापती किचनरने १९०३ मध्ये मुंबई पायदळाच्या नंबरांत शंभर मिळवले, एवढं लक्षात ठेवलं की कोडं सुटतं. १९२२ मध्ये या पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. १०३ ची पहिली बटालियन, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी, आणि ११४ ची बेळगावची प्रशिक्षण बटालियन. आजोबा १०५ मध्ये भरती होऊन दुसऱ्या बटालियनीतून निवृत्त झाले असं कागद सांगत असतील तर दोन माणसं नाहीत, माणूस एकच आहे.

'एस अँड एम' म्हणजे सॅपर्स अँड मायनर्स, लष्करातले इंजिनिअर. त्याच्या आधी ३ असेल तर खडकीची मुंबई सॅपर्स. १११ महार असेल तर ती पलटण फक्त १९१७ ते १९२१ एवढीच होती, त्यामुळे काळ आपोआप ठरतो.

पलटणीवरून माणसाची वाट

शिपायाची स्वतःची सेवा-नोंद मिळणं कठीण असतं, पलटणीची वाट मात्र महिन्याच्या हिशेबात सापडते. समजा कडेवर ११० मराठा आहे आणि जोडीला १९१४-१५ स्टारही आहे. मग हा माणूस सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर इराकमधल्या तैग्रिस नदीवर असण्याची दाट शक्यता आहे. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनची लढाई झाली, फौज मागे हटून कूतला आली आणि डिसेंबरपासून वेढ्यात सापडली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी त्या वेढ्यात होत्या. १४७ दिवस. शेवटी घोडे आणि खेचरं कापून खायची पाळी आली, आणि धर्माच्या धास्तीने कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस बराच काळ नाकारलं. २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडने शरणागती दिली. सुमारे १३,००० माणसं कैदेत गेली आणि वाळवंटातून तुर्कस्तानाकडे चालवली गेली. वाटेत आणि बगदाद रेल्वेच्या कामावर असंख्य मेली.

घरात "आजोबा लढाईतून आले ते आजन्म भाताचं एक शीतही वाया जाऊ देत नसत" अशी आठवण सांगितली जात असेल आणि कडेवर ११० असेल, तर त्या आठवणीला आता पार्श्वभूमी मिळते. पण पार्श्वभूमी म्हणजे पुरावा नव्हे. तुकडीचे काही लोक डेपोत होते, काही आधीच जखमी होऊन परतले होते, काही नंतर मदतीला आलेल्या फौजेबरोबर होते. म्हणून "ते कूतला होते" असं लिहू नका, "त्यांची पलटण कूतला होती" असं लिहा. या मोहिमेतल्या पलटणींच्या रोजनिश्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत आणि ऑनलाइन उतरवून घेता येतात. त्यांत शिपायांची नावं क्वचितच सापडतात, पण कुठल्या दिवशी पलटण कुठे होती आणि किती माणसं पडली ते कळतं.

दुसऱ्या महायुद्धात इटलीचा तारा असेल तर पहिली आणि तिसरी बटालियन दोन्ही शक्य आहेत. माणगाव तालुक्यातल्या पळसगाव-आंब्रेवाडीचे यशवंत घाडगे तिसऱ्या बटालियनीत होते. १० जुलै १९४४ रोजी अपर टायबर खोऱ्यात ते पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी सापडलेली नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. माणगावच्या तहसील कचेरीसमोर त्यांचा पुतळा आहे.

परत न आलेल्याचा शोध

माणूस युद्धात गेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची वेबसाइट हे पहिलं ठिकाण. पैसे लागत नाहीत. आधी नंबर आणि तुकडी घाला, नाव नंतर. नाव सापडलं तर 'अधिक माहिती' या रकान्यात पुष्कळदा वडलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा असतो. तिथे गावाचं नाव मोडकं लिहिलेलं असेल, पण वडलांचं नाव जुळलं की शंका राहत नाही.

जिल्हा वाचताना सावध राहा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला, त्यामुळे मालवण, देवगड, वेंगुर्ल्याचा माणूस 'रत्नागिरी' म्हणून नोंदलेला असतो. महाड-माणगावच्या माणसापुढे 'कुलाबा' दिसेल, ते रायगड जिल्ह्याचं जुनं नाव. सावंतवाडी आणि जंजिरा ही संस्थानं होती, तिथली माणसं संस्थानाच्या नावाने येतात. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा जंजिऱ्यात होतं.

बसऱ्याच्या स्मारकाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. तिथे चाळीस हजारांहून अधिक मृतांची आठवण आहे, पण भारतीयांपैकी अधिकाऱ्यांचीच नावं दगडावर कोरली गेली. शिपायांच्या जागी पलटणीखाली फक्त संख्या कोरली. म्हणजे तुमच्या पणजोबांचं नाव त्या दगडावर नाही. ते आयोगाच्या नोंदवहीत आहे, आणि तुमच्या हातातल्या पदकाच्या कडेवर आहे. धातूत ठोकलेलं ते एकच नाव असू शकतं. चमकवण्यासाठी ते घासणं म्हणजे काय करणं आहे, हे यावरून समजून घ्या.

खलाशी असतील तर मार्ग वेगळा. रत्नागिरी-दाभोळ पट्ट्यातले कितीतरी मुसलमान आणि हिंदू दर्यावर्दी दोन्ही युद्धांत व्यापारी बोटींवर होते आणि बोट बुडून गेले. पहिल्या युद्धातलं त्यांचं पदक काशाचं, फीत हिरवी-लाल, आणि कडेवर फक्त नाव, नंबर नाही. समुद्रात गेलेल्या हिंदी खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. या माणसांना सैनिक म्हणून कोणी मोजलं नाही. निदान शोधणाऱ्याने तरी त्यांना वगळू नये.

गावातले आणि कचेरीतले कागद

परत आलेला माणूस आयोगाच्या यादीत नसतो. त्याचा माग गावात काढायचा. तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, म्हणजे कोतवाल बुक, असतात. जातीच्या दाखल्यासाठी जशी नक्कल मागतात तसाच अर्ज करायचा, गाव आणि अंदाजे साल देऊन. जमिनीचे जुने फेरफार बघा. घरातला कर्ता परमुलखात मेला की वारसनोंद होते आणि तिथे कधीकधी मृत्यूचं कारण एका ओळीत सापडतं. प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाच्या पालकाचा व्यवसाय 'लष्कर' किंवा 'पेन्शनर' असा असतो. ग्रामदेवतेच्या देवळातली घंटा, समई, पायरी यांवरचा मजकूर वाचा. पेन्शन घेऊन आलेले सुभेदार, हवालदार देवाला काहीतरी वाहत आणि नाव कोरून घेत. महाराष्ट्रातल्या काही गावांत "या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले" असं सांगणारी इंग्रजी संगमरवरी पाटीही असते. चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर, कधी चुन्याच्या थराखाली.

कागद मोडीत असेल तर वाचणारा शोधा, अंदाज बांधू नका. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथे मोडी जाणणारे लोक भेटतात. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे पोर्टल घरबसल्या शोधता येतं.

नंतर पत्रं लिहा. मराठा पलटणीसाठी बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरला, सॅपर्ससाठी खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपला, महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातल्या सागरला. पत्रात नंबर, हुद्दा, नाव, तुकडी, गाव आणि कडेचा फोटो द्या. "आमच्या आजोबांची माहिती पाठवा" एवढंच लिहिलेल्या पत्राला उत्तर काय देणार? दुसऱ्या महायुद्धानंतरची पेन्शन असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पेन्शन बुक घेऊन जा.

महार सैनिकांच्या घरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. १८९० च्या दशकात त्यांची भरती बंद झाली. त्यामुळे त्या घरातलं पदक बहुधा त्याआधीचं तरी असतं, नाहीतर १९१७ नंतरचं. महार रेजिमेंट उभी राहिली १ ऑक्टोबर १९४१ ला, बेळगावात. मधल्या काळाचा कागद सापडत नाही म्हणून शोध चुकला असं समजू नका. दापोली कॅम्पात निवृत्त सैनिकांची वस्ती होती. रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर पलटणीतून निवृत्त होऊन तिथेच राहिले आणि बंद झालेल्या भरतीविरुद्ध अर्ज लिहिते झाले. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर दापोलीला होते. या घरांत पदकाइतकीच पेन्शनची चिठ्ठी आणि अर्जाची नक्कल मोलाची आहे.

आपल्या हवेत जपायचं कसं

मीठ आणि ओल हे कोकणातले दोन शत्रू. चांदी काळी पडली तर पडू द्या, तो काळा थर धातूला खात नाही. काशावर मात्र फिकट हिरवी भुकटी दिसली तर ती खाऱ्या हवेची कीड आहे, ती पसरते. अशी वस्तू बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा, कोरडी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. पदक सुती मोज्यांनी उचला, आम्लरहित कागदात गुंडाळा, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि पुड्या दर पावसाळ्याआधी बदला. रबर बँड, लोकरीचं कापड, मऊ प्लास्टिकची पाकिटं नकोत, यांच्यामुळे धातू खराब होतो. फीत धुऊ नका. कागदाला लॅमिनेशन मुळीच नको, ते नंतर निघत नाही. चिकटपट्टीही नको. देव्हाऱ्यात ठेवायचं असेल तर कुंकू-हळदीपासून दूर, काचेच्या डबीत.

तलवार, संगीन, जुनं पिस्तूल सापडलं तर ते आधी पोलीस ठाण्याला विचारा, बंदूक 'चालत नाही' म्हणून परवान्यातून सुटत नाही. पितळी तोफगोळा किंवा काडतूस असेल तर हलवू नका, ११२ ला फोन करा.

विकण्याचा सल्ला मी देणार नाही. चांदीच्या एका पदकात जेमतेम औंसभर चांदी असते. सोनाराच्या मुशीत गेलेल्या अशा पदकांबरोबर किती नावं गेली याची मोजदाद नाही. घरात सांभाळणारं कोणी नसेल तर रेजिमेंटच्या संग्रहालयाला लेखी करून द्या. शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, ती परदेशी पाठवता येत नाही, हेही 'लंडनचं गिऱ्हाईक आहे' म्हणणाऱ्या दलालाला सांगा.

शेवटी एक पान

जमलेली माहिती एका पानावर उतरवा. वर कडेवरचा मजकूर, अक्षर न् अक्षर. खाली तीन रकाने: कागदावर आहे ते, घरात ऐकलेलं ते, आणि पलटणीच्या इतिहासावरून काढलेलं ते. प्रत्येक ओळीपुढे कोणी सांगितलं किंवा कुठल्या कचेरीत मिळालं ते आणि तारीख. हे पान डब्यात पदकाबरोबर ठेवा, एक प्रत मुंबईच्या भावंडांना, एक गावच्या शाळेला, आणि फोटोंसकट एक फाइल घरातल्या सगळ्यांत लहान माणसाच्या फोनमध्ये. पुढच्या वर्षी गणपतीला भावकी जमली की ते पान मोठ्याने वाचा. चुकलेलं नाव दुरुस्त करणारा आणि रिकामा रकाना भरणारा माणूस बहुधा त्याच गर्दीत असतो.